ओपन सोर्स वापरा, पण परवाना वाचून

महोदय,

‘ओपन सोर्स म्हणजे फुकट’ हा समज आधी सोडायला हवा. ज्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो, असे हे सॉफ्टवेअर विकताही येते. पाळायच्या असतात त्या परवान्याच्या अटी. एमआयटी या साध्या ओपन सोर्स परवान्यात मूळ कॉपीराइट सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रतीसोबत ठेवला की पुरते. जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या दुसऱ्या परवान्याचे तसे नाही. बदललेला प्रोग्राम संस्थेतच वापरला तर काही देणे लागत नाही. पण तो ग्राहकाला दिला, अगदी राउटरमध्ये भरून दिला, तरी त्याचा सोर्स कोड त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत अट मोडताच हक्क आपोआप संपतात. २००७ ची तिसरी आवृत्ती थोडी उदार आहे: पहिलीच चूक असेल आणि सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारली, तर हक्क परत मिळतात.

सर्वाधिक घोटाळा होतो तो परवानाच न जोडलेल्या कोडमध्ये. इंटरनेटवर दिसतो म्हणून तो मुक्त ठरत नाही. सर्व हक्क लेखकाकडेच राहतात. म्हणून लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, आपल्या प्रोग्रामला जोडतानाच तिचे नाव, आवृत्ती आणि परवाना यांची नोंद करावी. सुरक्षेसाठीही ही यादी लागतेच. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे (Log4j) या प्रोग्रामच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा ती लायब्ररी आपल्या प्रणालीत नेमकी कुठे दडली आहे हे शोधणेच अनेकांना जड गेले.

— एक सॉफ्टवेअर अभियंता