सूचना : शनिवारची प्रार्थनासभा
मंडळींनो, ख्रिस्तात सलाम. शनिवारी संध्याकाळी ७ वाजता सभा नेहमीच्याच घरी, बंदराजवळ. बायबलमधलं वाचन १ राजे, अध्याय ३ आणि याकोब १:५. शलमोन राजाने देवाकडे धन किंवा दीर्घायुष्य मागितलं नाही, बरंवाईट ओळखणारं मन मागितलं, त्यावरच बोलू.

माझंच सांगतो. परवा पाटीत वर ताजे बांगडे, खाली कालचे लावून विकले. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण रात्रभर डोळा लागला नाही. प्रार्थना केली, सकाळी जाऊन पैसे परत केले. (बायको म्हणाली, आधीच प्रार्थना केली असतीत तर?)

दानपेटी यापुढे दोघांनी मिळून मोजायची. बायबल आणि छत्री आणा, अंगणात चिखल आहे.