एक चप्पल

डोंबिवली
15 जून 2025

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "आपण असे होतो का रे?" आणि मी विषय बदलला. तुझा पोरगा बंगलोरच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारापर्यंत जाऊन परत आला हे ऐकूनच पोटात गोळा आला होता, उत्तर कुठलं सुचणार! बाहेर अकरा माणसं चेंगरून मेली आणि आत आयपीएल जिंकलेल्या टीमचा सत्कार चालू होता. आज निवांत बसलोय, म्हणून लिहितो. होतो रे. तू नसशील, मी होतो.

कलकत्त्याच्या ईडनवरची ती वर्ल्ड कपची सेमीफायनल आठवते? 13 मार्च 1996, आपलं दहावीचं वर्ष. तुमच्या खोलीत अख्खी चाळ, दारात चपलांचा ढीग. आपले 8 बाद 120 झाले आणि लोकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली. मॅच रेफ्री क्लाइव्ह लॉइडनं श्रीलंकेला मॅच देऊन टाकली. कांबळी रडत आत गेला आणि तूही रडलास (नाही म्हणू नकोस, मी शेजारी होतो). अण्णा म्हणाले, "आपल्या वानखेडेवर असलं काही व्हायचं नाही." आपल्याला ते ब्रह्मवाक्य. पुढे 2007 साली त्याच वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून दाखवले, तेव्हाही मी म्हणालो, असतील चार टवाळ पोरं.

मग 1 एप्रिल 2024 उजाडली. वानखेडेवर आयपीएलची मुंबई-राजस्थान मॅच. ऑफिसातल्या एकाला जमणार नव्हतं, त्याचं तिकीट मी घेतलं. रोहितला काढून हार्दिक पंड्याला कॅप्टन केलं होतं, तो राग सगळ्यांच्याच डोक्यात. नाणेफेकीला त्याचं नाव घेतलं आणि जी हुर्यो उठली! कॉमेंटेटर संजय मांजरेकर माईकवरून म्हणाला, नीट वागा. त्यावर आवाज दुप्पट. माझ्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते, चष्मा, खिशाला पेन, एलआयसीत असावेत असं ध्यान. नातवाला मांडीवर घेऊन ते हार्दिकच्या आईवरून शिवी देत होते. आणि मी? मी दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत होतो. रोहित बाउंड्रीवर फिल्डिंगला आला, त्यानं हातानं खूण केली, बस करा. ज्याच्यासाठी ओरडत होतो तोच नको म्हणत होता, तरी थांबलो नाही. लाज कसली वाटते सांगू? मजा आली. वर्षभर साहेबासमोर मान खाली घालतो, लोकलमध्ये कोपरं खातो, आणि इथं हजारो माणसांच्या आवाजात माझा आवाज. घरी आलो तर घसा बसलेला, मन कसं हलकं झालेलं.

त्या माणसानं माझं काय घोडं मारलं होतं? कॅप्टन बदलला मालकांनी. त्यांना कोण हुर्यो करणार, ते काचेमागे बसलेले. आपण समोर दिसेल त्यालाच धरतो. बरं, आपला तो रागही वाया जात नाही. आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटींना गेलेत, त्यात आपल्या शिट्ट्याही आल्या की! तिकिटाचे पैसे वर आपणच द्यायचे.

तीन महिन्यांत काय झालं ते तुला माहीत आहे. बार्बाडोसला शेवटच्या ओव्हरला सोळा रन हवे होते, बॉल हार्दिकच्या हातात, आणि वर्ल्ड कप आपला. 4 जुलैला मिरवणूक. मी अर्धी रजा टाकून मरीन ड्राइव्हला. बस दिसली, आणि मी त्याच घशानं "हार्दिक, हार्दिक" ओरडलो. मनात आलंच नाही की आधी माफी मागावी. कुणाच्याच आलं नसेल. तो वर हात हलवत होता, काय वाटत असेल त्याला कुणास ठाऊक.

आणि आता तुझ्या पोराचं. बस पुढे सरकली तशी मागून लाट आली. सुध्या, दहा-बारा पावलं मी चाललोच नाही, वाहत गेलो. पाय जमिनीला लागत नव्हते. छाती दाबली गेली, ओरडायला गेलो तर आवाज नाही. एका पोरानं कॉलरला धरून कठड्यावर ओढलं म्हणून हे पत्र लिहितोय. खाली बघतो तर एका पायात चप्पल नाही. रस्ता रिकामा झाला तेव्हा नुसता चपलाबुटांचा खच, त्यात माझी शोधत बसलो. सापडली नाही. एक पाय अनवाणी, तसाच सीएसएमटीपर्यंत गेलो. गाडीत सगळे नाचत होते, मीही नाचलो.

घरी सांगितलं की पावसात वाहून गेली. खरं आजवर कुणाला बोललो नव्हतो. बंगलोरची बातमी लागली तेव्हा बायको म्हणाली, "कसली ही माणसं, टीव्हीवर बघता येत नाही का?" मी मान डोलावली.

उरलेली चप्पल माळ्यावर आहे. दिवाळीच्या आवराआवरीत बायकोनं टाकायला काढली होती, मी गुपचूप परत वर ठेवली.

पोराला फार बोलू नकोस. वहिनींना नमस्कार, अण्णांना साष्टांग. त्यांना हे पत्र वाचून दाखवू नकोस.

तुझा,
बाळ्या