महेश्वरच्या आधी अष्टाचंगा

॥ श्री ॥

इंदूर, रविवार

चि. मुक्तास आईचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू घरी आलीस तेव्हा तू करायला घेतलेल्या ‘महेश्वर’ नावाच्या कॉम्प्युटर गेमचे फोल्डर तू मला लॅपटॉपवर उघडून दाखवलेस, पण फराळ आणि पाहुणे यांतून उसंत न मिळाल्यामुळे त्याविषयी आपले बोलणे राहूनच गेले. बडोद्याला परतल्यावर मावशीच्या फोनवरून तू म्हणालीस, “गेम करणे माझे काम नाही, मी ते सोडून दिले.” ते मला पटले नाही. फोनवर तू माझे ऐकून घेत नाहीस, पत्र मात्र शेवटपर्यंत वाचतेस, म्हणून लिहीत आहे.

त्या फोल्डरमध्ये मला बावीस पानांचे टिपण दिसले. अहिल्याबाईंच्या काळातले महेश्वर, नर्मदेचे घाट, आसपासची चाळीस गावे, माग चालवणारे विणकर, पावसाळ्यात पायऱ्या गिळत वर येणारे पाणी, हे सगळे तू फार मन लावून लिहिले आहेस. प्रत्यक्ष चालणारी गोष्ट मात्र एकच होती, ती म्हणजे एक टेकडी आणि तिच्यावरून पळणारा एक घोडा. तीन महिन्यांत एवढेच झाले म्हणून तू स्वतःला आळशी ठरवलेस. तू आळशी नाहीस. पोळी लाटायला शिकण्याआधी तू पाचशे पानांच्या पंगतीची सुपारी घेतलीस, एवढेच झाले आहे.

मी वीस वर्षे कापड मार्केटातल्या व्यापाऱ्यांसाठी फॉक्सप्रोमध्ये बिलांचे आणि खतावणीचे प्रोग्राम लिहिले, हे तुला माहीत आहे. परंतु कोणी न सांगता, केवळ हौसेने लिहिलेला माझा पहिला प्रोग्राम म्हणजे एक साप होता. १९९२ साली मी ज्या कॉम्प्युटर क्लासला जात असे तिथे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटणारी जुनी एक्सटी यंत्रे होती आणि त्यांवर जीडब्ल्यू-बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा चालत असे. चांदण्यांच्या खुणांची एक ओळ पडद्यावर सरकायची, बाणाची कळ दाबली की वळायची आणि भिंतीला लागली की मरायची. साप डोळ्यांना झेपेल इतका हळू चालावा म्हणून मी प्रत्येक पावलानंतर एक रिकामा लूप घातला होता: एकपासून पाचशेपर्यंत मोज आणि मग पुढे सरक. दोन आठवडे मी त्या पाचशेच्या आकड्याशी खेळत बसले होते आणि शेवटी तो अगदी नेमका जमला. मग क्लासमध्ये ३८६ जातीचे नवे यंत्र आले, आणि सगळ्या मुलांसमोर मी माझी फ्लॉपी त्यात घालून साप सुरू केला. साप दिसलाच नाही. तो निघून, भिंतीवर आपटून, मेल्याची सूचना थेट पडद्यावर आली. पाचशेपर्यंत मोजणे त्या यंत्राला कित्येक पटींनी लवकर जमत होते.

अशी फजिती माझी एकटीचीच झाली असे नाही. त्या काळच्या अनेक कॉम्प्युटरच्या डब्यावर ‘टर्बो’ नावाचे बटण असे, आणि नावावरून वाटते त्याच्या उलट त्याचा उपयोग यंत्राला मुद्दाम हळू करण्यासाठी होत असे, कारण कित्येक जुने गेम मूळ आयबीएम पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या वेगावर बेतून लिहिलेले होते. आता तुझ्या घोड्याचा कोड उघडून पाहा. दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, त्याच्या स्थानात तू एक ठरावीक आकडा मिळवला आहेस. तीस वर्षांनंतर, माझ्यापेक्षा हजारो पटींनी चांगल्या यंत्रावर, तू आईचीच चूक केली आहेस, आणि खरे सांगायचे तर ते पाहून मला थोडा आनंदच झाला.

बिलाचा प्रोग्राम माणसाची वाट पाहत बसतो. गेम कोणाचीही वाट पाहत नाही. कोणती कळ दाबलेली आहे ते पाहायचे, खेळातले जग किंचित पुढे सरकवायचे, चित्र नव्याने काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हे चक्र सेकंदाला साठ वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. घोडा ‘दर फ्रेमला तीन पिक्सेल’ (म्हणजे पडद्यावरचे तीन ठिपके) पळत नसतो, तो ‘सेकंदाला एकशे ऐंशी पिक्सेल’ पळत असतो. मागच्या फेरीपासून किती वेळ गेला ते मोजून त्याने वेगाला गुणले की मावशीचा जुना कॉम्प्युटर असो वा तुझ्या मैत्रिणीचा नवा लॅपटॉप, घोडा सारखाच पळतो. हे पुस्तकात एका ओळीत सांगून होते, पण अंगात मुरते ते एखादा साप डोळ्यांदेखत नाहीसा झाल्यावरच. (कधी कधी हीच खोड वरदान ठरते. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला, तेव्हा पंचावन्न शत्रू एकदम हलवताना त्यांचे यंत्र मंद पडे आणि शत्रू मरत गेले की उरलेले आपोआप वेगाने येऊ लागत. त्यांनी तो दोष काढला नाही, आणि शेवटी शेवटी छाती धडधडायला लावणारा तो वेग हेच त्या खेळाचे वैशिष्ट्य झाले.)

तू सुरुवात ‘पाँग’पासून करावीस असे मला वाटते. दोन फळ्या, एक चेंडू, वर गुण. हा खेळ बाळबोध आहे म्हणून तू नाक मुरडशील, पण मुळात तो जन्मालाच सरावाचा धडा म्हणून आला. १९७२ साली अटारी या व्हिडिओ गेम कंपनीत नव्याने लागलेल्या ॲलन अल्कॉर्न यांना नोलन बुशनेल यांनी हात बसावा म्हणून हे काम दिले होते, आणि त्यात प्रोग्राम असा नव्हताच, सगळा खेळ सुट्या सर्किटांतून उभा केलेला होता. अल्कॉर्न यांनी फळीचे आठ भाग कल्पून चेंडू ज्या भागाला लागेल त्याप्रमाणे त्याचा परतीचा कोन बदलला, आणि तेवढ्या एका युक्तीने निर्जीव टोलवाटोलवीत डावपेच आले. फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोचत नसे, तो सर्किटातला दोष होता; तोही त्यांनी तसाच ठेवला, कारण तिथून निसटणारे चेंडू नसते तर दोन तरबेज खेळाडूंचा डाव कधी संपलाच नसता.

तुझा पाँग तू एका संध्याकाळी चालता करशील, आणि मग चेंडूचा वेग वाढवलास की एके क्षणी तो फळीच्या आरपार जाईल. तेव्हा घाबरू नकोस, गणित मांड. चेंडू आठ पिक्सेल रुंद आहे, फळी दहा पिक्सेल जाड आहे, आणि सेकंदाला बाराशे पिक्सेल या वेगाने चेंडू एका फ्रेममध्ये वीस पिक्सेल उडी मारतो. आठ आणि दहा मिळून अठराच होतात. म्हणजे एका फ्रेममध्ये चेंडू फळीच्या अलीकडे आणि पुढच्या फ्रेममध्ये पलीकडे असू शकतो, आणि ‘दोघे एकमेकांवर आले का’ हा प्रश्न ज्या क्षणी विचारायला हवा तो क्षण तुझ्या प्रोग्रामने कधी पाहिलेलाच नसतो. यावरचा साधा उपाय म्हणजे ती उडी चार लहान पावलांत तोडून प्रत्येक पावलाला तपासणे. तुझ्या टेकडीवरच्या दगडांतूनही घोडा मधूनमधून आरपार जात होता. पण तिथे टेकडी, उजेड, सावल्या आणि कॅमेरा यांच्या गर्दीत ही वीस आणि अठराची वजाबाकी तुला दिसणे शक्यच नव्हते.

आणि पाँग ‘झाला’ असे केव्हा म्हणायचे तेही ठरवून घे. चेंडू उडू लागला म्हणजे झाले नव्हे. सुरू करण्याचा पडदा हवा, अकरा गुण झाले की डाव संपायला हवा, पुन्हा खेळण्याची सोय हवी, फळीला चेंडू लागल्याचा आवाज हवा, आणि ज्याने तो पूर्वी कधी पाहिलेला नाही त्याला तुला काही न विचारता खेळता यायला हवा. मजा पहिल्या दिवशी संपते आणि ही उरलेली कामे आठवडाभर कंटाळा आणतात. माझ्या अनुभवात शिकणे त्या आठवड्यातच होते.

पाँगनंतर करायच्या सापाविषयी फार लिहीत नाही, कारण तो तू एका रविवारी करशील. साप हलवायचा म्हणजे सगळे अंग हलवायचे नसते. यादीच्या पुढे नवे डोके जोडायचे आणि मागचे शेपूट काढून टाकायचे, आणि खाऊ खाल्ला असेल त्या वेळी शेपूट काढायचे नाही, की साप आपोआप वाढतो. उजवीकडे जाणाऱ्या सापाला थेट डावीकडे वळू द्यायचे नाही हे तू लिहिशीलच, पण दोन पावलांच्या मधल्या वेळात कोणी घाईने आधी वरची आणि मग डावी कळ दाबली तर तो स्वतःच्याच गळ्यात शिरून मरतो, हे मात्र खेळणाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर माझी एक फर्माईश आहे. आजीचा अष्टाचंगा कॉम्प्युटरवर आण. पाच गुणिले पाच घरे, चार कवड्या, फुली मारलेल्या घरात सोंगटी सुरक्षित, आणि एखादी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत प्रवेश नाही. बाहेरच्या फेरीत सोळा घरे, उलट दिशेने आतली आठ आणि मधले एक, असा पंचवीस घरांचा एकच मार्ग तू यादीत लिही; चार खेळाडूंचे चार मार्ग हाताने लिहीत बसू नकोस, तोच मार्ग नव्वद अंशांत फिरवला की दुसऱ्याचा होतो. इथे चेंडूसारखी घाई नाही, पण पाळी कोणाची, पुन्हा टाकायचे की नाही, सोंगटी मेली तर जादा डाव मिळतो की नाही, या नियमांची गुंतागुंत पाँगच्या दसपट आहे, आणि पुढे महेश्वरच्या विणकरांना देणे-घेणे शिकवशील तेव्हा तुला हीच गुंतागुंत सांभाळायची आहे.

कवड्या टाकताना एक चूक होण्यासारखी आहे. दान एक, दोन, तीन, चार किंवा आठ पडते, म्हणून या पाचांतला कोणताही एक आकडा सोडतीने उचलायचा असे तुला वाटेल. तसे केले तर दर पाचव्या फेकीला अष्टा पडेल आणि आजी तुझ्या कॉम्प्युटरला लबाड ठरवेल. चार वेगवेगळ्या कवड्या टाकायच्या आणि उताण्या किती ते मोजायचे. दोन्ही बाजू सारख्या मानल्या तर चारही पालथ्या पडून अष्टा होण्याचा संभव सोळांत एक, आणि दोन उताण्या पडण्याचा सोळांत सहा.

साधनांविषयी तुझा बराच वेळ वाया गेला आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. पायथन भाषा तुला येते, तेव्हा हे तिन्ही खेळ पायगेम या तिच्या खेळांसाठीच्या जोडसंचात कर. नंतर गोडो या गेम बनवण्याच्या तयार इंजिनाकडे जा; ते फुकट आहे, २०१४ पासून एमआयटी नावाच्या मोकळ्या परवान्याखाली खुले आहे आणि तुझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर चालते. स्वतःचे इंजिन लिहिण्याचा मोह तूर्त आवर. कोडच्या प्रत्येक बदलाची प्रत जपणारे गिट मात्र पहिल्या दिवसापासून वापर, कारण माझा साप ज्या एकमेव फ्लॉपीवर होता ती बाबांच्या स्कूटरच्या डिकीत एका उन्हाळ्यात वाकडी झाली आणि साप कायमचा गेला.

महेश्वर सोडून दे असे मी म्हणत नाही, ते कापून लहान कर. मॉस्कोत १९८४ साली अलेक्सेई पाजितनोव यांना पाच-पाच चौकोनांचे बारा आकार जुळवण्याचे कोडे आवडत असे. त्याचा खेळ करताना बारा आकार फार होतात असे पाहून ते चार चौकोनांच्या सात आकारांवर आले, आणि ज्या इलेक्ट्रॉनिका-६० यंत्रावर हे चालले होते त्याला चित्रे काढता येत नव्हती म्हणून त्यांनी कंसांच्या खुणांनी चौकोन काढले. तो टेट्रिस. चाळीस गावांतले एक गाव, एका गावातला एक घाट, आणि त्या घाटावर पाणी चढत असताना सामान वरच्या पायरीवर नेणारी एक बाई, एवढेच ठेवलेस तरी तुझ्या बावीस पानांतले उत्तम पान त्यात येते. घोडा नको.

अष्टाचंगा झाला की पेनड्राइव्हवर घालून आण आणि आजीपुढे ठेव. ती खेळत असताना तिच्या मागे उभी राहा, पण तोंड मिटून. ती चुकीच्या जागी बोट ठेवेल तेव्हा सांगू नकोस, फक्त वहीत लिहून ठेव.

कवड्यांच्या दोन्ही बाजू सारख्या, हे मी वर लिहिलेले आजीला वाचून दाखवले तेव्हा तिने ते साफ नाकारले आणि काल दुपारभर बसून आपल्या पितळी डब्यातल्या कवड्या शंभर वेळा टाकल्या. नोंद मी ठेवली. चारही पालथ्या ३ वेळा, एक उताणी १६ वेळा, दोन ३४ वेळा, तीन ३३ वेळा, चारही उताण्या १४ वेळा. म्हणजे चारशेपैकी २३९ कवड्या उताण्या पडल्या, साठ टक्क्यांच्या जवळपास. तुझ्या प्रोग्राममध्ये अर्ध्याऐवजी ०.६ घाल, त्याने अष्टा सोळांत एकावरून साधारण चाळिसांत एकावर येतो. आजी म्हणते की हे तिला लहानपणापासून ठाऊक होते, आणि त्यांतली चिरा पडलेली कवडी वेगळी मोजायला हवी होती.

मावशीला आणि काकांना नमस्कार सांग.

तुझी,
आई