होस्ट सर्व्हरची उभारणी हाताने नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली आणि अनेक संस्था प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त प्रणालींचा विचार करू लागल्या. या स्थलांतरात खर्चाची चर्चा भरपूर होते. नवा होस्ट सर्व्हर, म्हणजे हे आभासी संगणक ज्यावर चालतात तो सर्व्हर, उभा कसा करायचा, याची मात्र फारशी होत नाही, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

मी काम करत होतो त्या कार्यालयात सहा होस्ट हाताने बसवले होते. त्यांपैकी एकाच्या नेटवर्क ब्रिजवर (व्हर्च्युअल मशीनना नेटवर्कशी जोडणाऱ्या दुव्यावर) एमटीयूचा, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटा-पॅकेटच्या कमाल आकाराचा, आकडा वेगळा राहिला आणि व्हर्च्युअल मशीन त्या होस्टवर हलवले की मोठ्या फाइली अडकत. कारण सापडायला दोन दिवस गेले.

एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्समध्ये ‘ऑटो-इन्स्टॉल-असिस्टंट’ हे कमांड लाइनवरचे साधन मिळते. डिस्क, नेटवर्क, वेळक्षेत्र यांची उत्तरे एका साध्या मजकूर-फाइलीत लिहायची, ती याच साधनाने तपासायची आणि आयएसओमध्ये (स्थापनेच्या प्रतिमा-फाइलीत) घालायची, की सर्व्हर कोणताही प्रश्न न विचारता स्थापित होतो. पुढची मांडणी अँसिबल या स्वयंचलित मांडणीच्या साधनाकडे सोपवता येते. ही फाइल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवली, तर कोणी, केव्हा, काय बदलले हेही कळते. मात्र पासवर्ड तिथे कदापि ठेवू नये, आणि डिस्क निवडण्याचा नियम आधी चाचणी यंत्रावर पडताळावा, कारण तो चुकल्यास भलतीच डिस्क पुसली जाते.

सरकारी व सहकारी संस्थांनी सर्व्हर खरेदीच्या निविदांमध्येच अशा फाइलींची मागणी करावी, ही विनंती.

आपला,
एक सर्व्हर प्रशासक, पुणे