सुईच्या निमित्ताने जोडलेली माणसे

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमच्या दुकानात उभी राहून आभार मानू लागले की तुम्ही "त्यात काय एवढे" म्हणून पुन्हा कामाला लागता आणि बोलणे तिथेच संपते. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. रविवार कारंजाजवळच्या बोळातील तुमच्या दुकानात माझा अँप्लिफायर दुरुस्त झाला, तबकड्या वाजवणाऱ्या टर्नटेबलमधील घरघर अर्थिंगची तार नीट जोडताच थांबली, हे उपकार आहेतच; परंतु त्या कामाचे पैसे तुम्ही घेतलेत आणि मी दिले. ज्या कामाचे बिल तुम्ही कधीच केले नाहीत, त्याबद्दल मला लिहायचे आहे.

बदली होऊन मी नाशिकला आले तेव्हा कार्यालयाबाहेर या शहरात माझ्या ओळखीचे कोणी नव्हते. मुंबईत फोर्टच्या पदपथांवर आणि चोरबाजारात हळूहळू जमवलेल्या एलपी, म्हणजे दीर्घकाळ वाजणाऱ्या गाण्याच्या तबकड्या, तेवढ्या सोबत होत्या. तुम्ही टर्नटेबल तपासून सांगितलेत की सुई झिजली आहे, सुई धरणाऱ्या त्या कार्ट्रिजला बसणारी सुई दुकानात नाही, मात्र गंगापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त संगीतशिक्षिकेकडे तशीच एक जादा आहे. दुसऱ्या एखाद्या दुकानदाराने ती परस्पर मागवून, त्यावर आपला नफा ठेवून मला दिली असती, आणि त्यात गैर काहीच नव्हते. तुम्ही बाईंना फोन करून विचारलेत, चिठ्ठीवर पत्ता लिहिलात आणि म्हणालात, "सुई घेण्याआधी त्यांच्याकडे बसून एक बाजू ऐका." त्या दिवशी बाईंनी उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा राग लावला. मारव्यात षड्ज किती जपून, किती उशिरा दाखवायचा असतो हे मी वाचले होते; चांगल्या यंत्रावर, जाणकार माणसाशेजारी बसून ते ऐकताना प्रथम कळले. पाठीमागच्या बाजूचा दरबारी ऐकल्याशिवाय त्यांनी मला उठू दिले नाही.

पुढे लक्षात आले की ही तुमची रीतच आहे. ज्याच्याकडे 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या आहेत पण वाजवायला यंत्र नाही, त्याला तुम्ही यंत्र असलेल्याकडे धाडता; ज्याला कान आहे पण घरात जागा नाही, त्याला जागा असलेल्याचा पत्ता देता. आज दर महिन्याला आळीपाळीने कोणाच्या ना कोणाच्या घरी भरणारी आमची बैठक अशा चिठ्ठ्यांतूनच उभी राहिली. तिच्यात अंबडच्या कारखान्यातील एक गृहस्थ आहेत, पिंपळगाव बसवंतचे द्राक्ष बागायतदार आहेत, अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारी पंचवटीची एक मुलगी आहे. आमचे वय, व्यवसाय, जाणे-येणे पाहता एरवी आम्ही एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिलो नसतो.

आमच्या मैत्रीचा पाया ऐकण्यातल्या काटेकोरपणाने घातला असे मला वाटते, आणि तो काटेकोरपणा तुमचा आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची एक जुनी तबकडी बैठकीत वाजली तेव्हा बाई म्हणाल्या की सूर चढा लागतो आहे. आम्ही तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही समजावून सांगितलेत की सुरुवातीच्या काळातील सगळी ध्वनिमुद्रणे नेमक्या 78 फेऱ्यांच्या वेगाने झालेली नाहीत, आणि वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला तरी काळी एकचे गाणे पेटीवरच्या तिच्या लगतच्या वरच्या सुरात, पांढरी दोनमध्ये ऐकू येते. मग अंबडच्या गृहस्थांनी कागदाची चकती कापून तिच्यावर 77 रेघा आखल्या: आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर जुना दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त उजळतो, त्या उजेडात या रेघा स्थिर दिसल्या की फेऱ्या 78 च्या अगदी जवळ आल्या असे समजायचे. चकतीने यंत्राचा वेग बरोबर असल्याचे सांगितले, तरी बाईंचा कान मानेना. अखेर वेग किंचित उतरवला आणि खाँसाहेबांचा आवाज ताणल्यासारखा न वाटता मोकळा, गोल ऐकू आला. एकाचे मोजमाप आणि दुसरीचा स्वर या दोहोंचा एकमेकांवर विश्वास बसलेला मी त्या दिवशी पाहिला. कधीही भेटले नसते असे ते दोघे आज एकमेकांच्या घरच्या कार्याला हजर असतात.

तुम्ही शिकवलेल्या इतर गोष्टी किती सांगू? 78 च्या रुंद खाचेला सुमारे 75 मायक्रॉनची सुई लागते, एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी घासत राहते. लाखेच्या तबकडीला चुकूनही स्पिरिट लावायचे नाही, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पावसाळ्यात नाशिकची दमट हवा बुरशी आणते, म्हणून तबकड्या उभ्या आणि हवेशीर जागी ठेवायच्या. महागड्या तारांवर खर्च करण्यापूर्वी स्पीकर भिंतीपासून पुढे ओढावेत, जमिनीवर सतरंजी आणि समोरच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट असावे, हा तुमचा सल्ला तर आम्ही प्रत्येक नव्या श्रोत्याला देतो. खोलीत टाळी वाजवून तिचा नाद किती वेळ रेंगाळतो ते पाहायला तुम्हीच सांगितलेत. बाईंच्या जुन्या घरात जो डग्ग्याचा घुमारा स्वच्छ ऐकू येतो, तो फरशा घातलेल्या माझ्या फ्लॅटमध्ये गढूळ का होत होता, याचे उत्तर त्या टाळीत मिळाले.

पंचवटीच्या त्या मुलीसाठी तुम्ही केलेत ते मात्र मी मुद्दाम येथे नोंदवते. तिच्याकडे फोनो प्रीअँप, म्हणजे तबकडीवरचा क्षीण आवाज अँप्लिफायरसाठी तयार करणारे यंत्र, घेण्याइतके पैसे नव्हते. तुम्ही तिला दुकानात बसवून तो तिच्याकडूनच जोडून घेतलात. खाच कापताना खर्जाचा भाग मुद्दाम दबवतात, नाहीतर त्याची मोठी आंदोलने खाचेत मावत नाहीत, आणि वरचे स्वर उचलतात म्हणजे ते खरखरीच्या वर राहतात. 1954 मध्ये यासाठी आरआयएए हे अमेरिकी ध्वनिमुद्रण-उद्योग संघटनेचे प्रमाण ठरले आणि वाजवताना हेच सारे उलट करावे लागते, हे तिने तुमच्याकडून ऐकले. आता तीच आम्हाला ते समजावते. पंडित द. वि. पलुस्करांचे 1955 मध्ये, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी निधन झाले. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत त्यांनी केवढा राग मांडून ठेवला आहे, हे तिने स्वतः जोडलेल्या यंत्रावर आम्हाला ऐकवले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या रामनाम आधार आश्रमाच्या गावात, विशीतल्या मुलीने त्यांच्या पुत्राचे गाणे इतक्या आस्थेने लावावे, याचा मला फार आनंद झाला.

पिंपळगावचे आमचे स्नेही ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत सहसा बैठकीला येत नाहीत. एका हंगामात गारपिटीने त्यांची बाग झोडपली. आम्ही सगळे गेलो. बाग साफ करायला हात लावला, बँकेचे कागद लिहायला मी बसले. संगीताचा विषय कोणी काढला नाही. निघताना त्यांनीच मल्लिकार्जुन मन्सूर लावले आणि संपेपर्यंत थांबायला सांगितले. ती माणसे मला तुमच्या एका चिठ्ठीमुळे मिळाली.

दुकान उशिरापर्यंत उघडे असल्याने तुम्ही आजवर एकदाही बैठकीला आलेला नाहीत. पुढची बैठक आम्ही तुमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, बाईंच्या घरी ठेवत आहोत. त्या दिवशी कोणती तबकडी आधी लावायची हे तुम्ही ठरवावे; बाकीच्यांशी मी बोलले आहे. काकूंनाही अवश्य घेऊन यावे.

तुमची कृतज्ञ,
बैठकीतील एक श्रोती
नाशिक