व्हेरा मेंचिकची गोष्ट सांगणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. मोबाईलवर वाचायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून वहिनींना सांगून ठेवलंय की हे वाचून दाखवा. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, चहा टाक म्हणता.

निमित्त तसं जुनंच आहे. २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या मुलींनी बुडापेस्टला चेस ऑलिम्पियाडचं गोल्ड घेतलं ना, तेव्हा कुठंतरी वाचलं की महिलांच्या विजेत्या टीमला जो कप देतात त्याचं नाव व्हेरा मेंचिक कप. तुमच्या गोष्टीतलीच व्हेरा, बुद्धिबळातली महिलांची पहिली वर्ल्ड चॅम्पियन. ऑफिसात बसल्याबसल्या डोळ्यात पाणी आलं, बाजूची विचारतेय काय झालं, तिला काय सांगणार.

लातूरहून भांडुपला आलो तेव्हा मी सातवीत. शाळेत तोंड उघडलं की पोरं हसायची, "काय करायलास" म्हटलं की दिवसभर तेच चिडवणं चालू. म्हणजे मराठी मुलगी, मराठी शाळा आणि तरी परकी! मग मी बोलणंच सोडलं. सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी तुम्ही पट मांडून बसायचात, तिथं येऊन नुसती बघत बसायचे. तुम्ही नाव-गाव काही विचारलं नाही, पांढरी प्यादी माझ्याकडे सरकवली, बस्स.

व्हेराची गोष्ट मात्र एका दमात कधीच सांगितली नाहीत. स्पर्धेला जाताना स्लो लोकलमध्ये थोडी थोडी, भांडुप ते दादर एवढा एक हप्ता. १९०६ चा जन्म, मॉस्कोचा, बाप चेक, आई इंग्लिश. क्रांतीत घरदार गेलं, १९२१ मध्ये आई आणि बहिणीबरोबर इंग्लंडात हेस्टिंग्जला आली, पंधरा वर्षांची, इंग्रजी धड येत नाही. ती स्वतःच पुढे म्हणाली होती म्हणे की बुद्धिबळ हा गप्प बसून खेळायचा खेळ, भाषा न येणाऱ्याला सगळ्यात बरा. हे ऐकून मी खिडकीकडे तोंड केलं होतं, तुम्हाला कळलं असणार पण तुम्ही पेपर वाचत राहिलात.

१९२७ ला लंडनला महिलांची पहिली वर्ल्ड चॅम्पियन झाली, अकरापैकी साडेदहा पॉइंट. तेव्हा ती रशियाकडून खेळली, नंतर चेकोस्लोव्हाकियाकडून, १९३९ ला इंग्लंडकडून. देश बदलत गेले, चॅम्पियन तीच. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सगळ्या स्पर्धांत मिळून ८३ डाव, त्यातला फक्त एक हरली.

पण तुमचा आवडता भाग १९२९ चा, कार्ल्सबादच्या स्पर्धेचा. बावीस खेळाडूंत ती एकटी बाई. व्हिएन्नाचा खेळाडू अल्बर्ट बेकर थट्टेत म्हणाला, जो हिच्याकडून हरेल तो व्हेरा मेंचिक क्लबचा मेंबर, आणि पहिला मेंबर तोच झाला! हे सगळेच सांगतात. तुम्ही पुढचंही सांगितलंत, की ती त्या स्पर्धेत शेवटची आली होती, एकवीस डावांत तीन पॉइंट. आणि तरी पुढच्या वर्षी परत पुरुषांच्यात खेळायला बसली. मी तेव्हा पार्ल्याच्या ओपनमध्ये सहापैकी अर्धा पॉइंट घेऊन रडत होते आणि एक पालक तुम्हाला म्हणत होते, कशाला हो ओपनमध्ये, मुलींच्या गटात घाला ना. तुम्ही म्हणालात, "तिला विचारा." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी विचारायला लावलं होतं. मी "ओपनच" म्हटलं, तेही लातूरच्या हेलात, आणि कुणी हसलं नाही.

मॅक्स युव्हेची ती जोडलेली गोष्ट तर तुमच्याशिवाय कुणी सांगितलंच नसतं. हेस्टिंग्जला व्हेराकडून दोनदा हरलेला माणूस, १९३५ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला, नंतर फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा अध्यक्ष. १९७६ मध्ये आपल्या मुंबईची रोहिणी खाडिलकर, तेरा वर्षांची, पुरुषांच्या नॅशनलमध्ये खेळली आणि बोंब झाली तेव्हा मुलींना अडवता येणार नाही असा निकाल ह्याच युव्हेनं दिला. "अनुभवी माणूस," एवढंच म्हणून तुम्ही हसला होतात.

तिचा शेवट सांगायला मात्र तुम्ही दोन महिने लावलेत. जून १९४४, लंडनच्या घरावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला, ती, बहीण, आई तिघी एकदम गेल्या. अडतीस वर्षांची होती, किताब तेव्हाही तिच्याचकडे. ते सांगितलंत त्या दिवशी आपण डाव न खेळताच दादरला उतरून वडापाव खाऊन परत आलो.

मी काही मोठी खेळाडू झाले नाही काका. नोकरी, लग्न, लोकल. पण मीटिंगमध्ये आता मी लई बोलते, "लई" म्हणूनच बोलते.

ह्या रविवारी येतेय. तुमचा पट अजून माझ्याकडेच आहे, काळा उंट हरवल्यावर आपण औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवायचो ते झाकणसुद्धा. पांढरी माझी, आधीच सांगून ठेवते.