शिडाच्या होडीलाही बंदरात जागा द्या

संपादक महोदय,
स. न.

कोकणच्या सागरी पर्यटनाविषयी अलीकडे वर्तमानपत्रांतून बरंच छापून येतं. जेट-स्की, पॅरासेलिंग, रो-रो बोट सगळं त्यात असतं. शिडाच्या होडीतून सावकाश केलेल्या प्रवासाबद्दल मात्र कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या फेब्रुवारीत मी, माझे यजमान आणि बोटीवर नोकरी करणारा माझा भाचा, असे तिघं त्याच्या 26 फुटी शिडाच्या होडीतून जयगडहून मालवणला गेलो. रत्नागिरी, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड असे मुक्काम करत आम्हाला सहा दिवस लागले. गाडीने गेलो असतो तर दुपारच्या जेवणाला पोचलो असतो.

मी 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवला. खारे वारे आणि मतलई वारे यांचे बाण फळ्यावर किती वेळा काढले असतील! ते अंगावर घेतले या प्रवासात. पहाटे साडेपाचला नांगर उचलला की जमिनीकडून गार वारा यायचा. त्याला शेतातल्या भाजावळीच्या (पालापाचोळा जाळण्याच्या) धुराचा वास असायचा, त्यामुळे तो कुठून येतोय हे नाकाला आधी कळायचं. दहा-साडेदहाला तो पडायचा. शीड डोलकाठीला लोंबायचं, पाणी तेलासारखं सपाट व्हायचं. भाचा इंजिन लावायला बघायचा, मी त्याला थांबवायची. अर्ध्या-पाऊण तासाने वायव्येकडे पाण्याचा रंग गडद व्हायचा, ती गडद पट्टी आमच्याकडे सरकत यायची आणि शीड एकदम फुगायचं. जमीन तापली, खारा वारा सुटला! हे मी मुलांना पाठ करायला लावत होते याचं त्या क्षणी फार वाईट वाटलं.

पूर्णगडला मुचकुंदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. भरती येईपर्यंत बाहेरच नांगर टाकून अडीच तास बसलो. आत शिरल्यावर खाडीतल्या ताज्या तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या, त्या होडीतल्या स्टोव्हवर कांदा-खोबऱ्यात परतल्या.

विजयदुर्गला धक्क्याजवळच्या एका घरी जेवणाचं विचारलं. माझ्या यजमानांनी सवयीने सुरमई मागितली. घरातली मावशी म्हणाली, “आज इसवण गावाक नाय. पेडवे आसत, चलतीत?” म्हणजे सुरमई आज मिळाली नाही, पेडवे (लहान तारल्या) आहेत, चालतील का? अर्ध्या तासात पेडव्यांचं तिखलं समोर आलं. खोबऱ्याचं दाट वाटण, सोलं, ठेचलेली तिरफळं आणि वरून कच्च्या खोबरेल तेलाची धार. सोबत उकड्या तांदळाचा भात. तिरफळाने जिभेला मुंग्या येतात, त्या जाईपर्यंत तिच्या पडवीत बसून होतो. पेडवे त्याच सकाळचे, समोरच्याच पाण्यातले.

पर्यटकांना कोकणात पापलेट आणि सुरमई यापलीकडे मासे आहेत हे माहीतच नसतं, आणि खानावळवाले तरी काय करणार? छापील मेनूकार्डाप्रमाणे बारा महिने तेच दोन मासे द्यायचे, मग ते बर्फातले असोत की तळहाताएवढी पिल्लं असोत. पापलेटला 2023 साली राज्यमासा जाहीर केलं, ते तो घटत चाललाय म्हणूनच. रोज जे जाळ्यात येईल ते रांधणाऱ्या घरांपर्यंत पाहुणा पोचला तर मुडदुशे, पेडवे, मांदेली, कालवं यांनाही चार पैसे मिळतील. एक जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तेव्हा त्याच घरी सुक्या बांगड्याची किसमूर खावी, ती काही कमी नाही.

आता तक्रार. वाटेतल्या एका बंदरात संध्याकाळी आम्हाला धक्क्याला लागू दिलं नाही. नोंदवहीत मासेमारी आणि प्रवासी वाहतूक असे दोनच रकाने होते, आम्ही कुठल्यातच बसत नव्हतो. अंधार पडत असताना, यजमानांचे गुडघे दुखत असताना आम्ही बाहेर लाटांत रात्र काढली. ज्या गृहस्थाने नकार दिला तोही अवघडलेला होता, त्याच्या हातात काही नव्हतं.

माझी आई याच बंदरांत भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या आगबोटीतून यायची, खोल पाण्यात पडाव नावाच्या होडीत उतरायची. बंदरं तीच आहेत. मागणं मोठं नाही. प्रत्येक लहान बंदरात मच्छीमारांच्या वाटेत न येणारा धक्क्याचा दहा हातांचा तुकडा, दोर बांधायला लोखंडी कडी, ओहोटीतही उतरता येईल अशा पायऱ्या, गोड्या पाण्याचा नळ, बायकांसाठी स्वच्छ संडास. आणि नोंदवहीत तिसरा रकाना.

राजपुरीहून जंजिऱ्याला पर्यटकांना शिडाच्या होडीतून नेणारे तांडेल आजही आहेत. वारा ओळखणारी ही माणसं हाताशी आहेत तोवर हे व्हावं. आम्ही दिवाळीनंतर पुन्हा निघणार आहोत, या वेळी दाभोळहून. विजयदुर्गच्या मावशीला तसं कळवलंय. काय रांधणार ते मात्र तिने सांगितलेलं नाही.

— एक निवृत्त भूगोल शिक्षिका, रत्नागिरी